जागरण-गोंधळ

रविवार, सकाळचे साडेअकरा. घर कोथरूडचं असेल, पिंपळे सौदागरचं असेल, नाहीतर वाकडमधल्या अकराव्या मजल्यावरचं. दृश्य सगळीकडे एकच. स्वयंपाकघरात नवरा मटणाचा कुकर लावतोय, सासूबाई ‘वाटण अजून जरा परतायला हवं होतं’ हे तिसऱ्यांदा सांगताहेत, आणि आतल्या खोलीत दार लोटून, गाऊनवर हेडफोन चढवून बसलेली घरची सून कुजबुजतेय, “सगळे बाहेर पडले का? ट्रॅफिक थांबला? मग मी सुरू करते.”

साडेअकरा म्हणजे न्यूयॉर्कला पहाटेचे दोन. तिकडच्या ग्राहकाचे ग्राहक गाढ झोपलेत, म्हणून इकडचा रविवार जागा. अमेरिकेतली पहाटे दोन ते सहाची ‘चेंज विंडो’ आणि पुण्यातली मटणाची वेळ यांचा योग पृथ्वीच्या गोलपणानेच जुळवून आणलेला आहे. त्यात मॅनेजरचा काही दोष नाही.

काम काय, तर एका सर्व्हरवरची ऑपरेटिंग सिस्टिम जुनी झाली, तिच्या जागी नवी घालायची आणि यंत्र एकदा रीबूट करायचं. बाबांचा लॅपटॉप अडकला की हीच मुलगी फोनवर सांगते, “बाबा, एकदा बंद करून परत चालू करा ना.” विचारसुद्धा करत नाही. इथे मात्र त्याच कृतीसाठी तीन आठवडे आधी अर्ज झालाय, चार जणांची मंजुरी आलीय, सतरा पानी आराखडा तयार आहे. त्याच्या शेवटच्या पानावर ‘काही बिघडल्यास’ या मथळ्याखाली ‘सर्व काही पूर्ववत करावे’ एवढं एकच वाक्य आहे. ते कसं करावं, हे त्या वाक्याच्या लेखकाने वाचकाच्या श्रद्धेवर सोडलंय.

एवढी धास्ती कशाची? तर यंत्राला ‘अपटाइम’ विचारला की आकडा येतो १,१२४ दिवस. तीन वर्षांहून जास्त काळ हा गडी झोपलेलाच नाही. उबुंटूच्या सर्व्हरमध्ये शिरलं की तीन-तीन चांदण्यांच्या मधोमध एक ओळ दिसते: ‘सिस्टिम रीस्टार्ट रिक्वायर्ड’. ही ओळ इथे तीन वर्षं रोज दिसत होती आणि सोसायटीच्या लिफ्टमधल्या सूचनेइतक्याच आदराने वाचली जात होती. उलट अपटाइमच्या आकड्याचे स्क्रीनशॉट काढून मिरवणारे लोक या धंद्यात कमी नाहीत. अपटाइमला मराठीत चपखल शब्द आहे: जागरण. आणि जागरण मांडलं की गोंधळही घालावा लागतो, हे ज्यांच्या घरी लग्नं झालीत त्यांना सांगायला नको.

न झोपण्याला मर्यादा असते, हे यंत्रांनी वेळोवेळी पुराव्यानिशी दाखवून दिलंय. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा काटा ९९,९९९ नंतर मुकाट शून्यावर यायचा, तसंच संगणकातल्या घड्याळांचं. लिनक्सच्या जुन्या ३२ बिटी आवृत्त्यांत हा काटा सेकंदाला शंभर टिचक्या मारायचा आणि ४९७ दिवसांनी भरून पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. पाचशेचा मान मिरवायला निघालेला माणूस तीन दिवस आधी धावबाद. यंत्र चालूच राही, जायची ती फक्त इज्जत.

विंडोज ९५ आणि ९८ चा काटा त्याहून घाईचा. तो मिलिसेकंद मोजायचा, आणि ३२ बिटांत मावतात ४२९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ मिलिसेकंद. म्हणजे ४९.७ दिवस. त्यानंतर यंत्र लटकायचं. हा दोष उघडकीला यायला १९९९ साल उजाडलं, कारण विंडोज ९५ सलग ५० दिवस चालवून दाखवणारा माई का लालच तोवर भेटला नसावा. पण हाच आकडा १४ सप्टेंबर २००४ रोजी कॅलिफोर्नियात पामडेलच्या हवाई वाहतूक नियंत्रण केंद्रात हजर झाला, तेव्हा कोणी हसलं नाही. तिथल्या रेडिओ यंत्रणेचा संगणक दर ३० दिवसांनी हाताने रीस्टार्ट करायचा असा नियम होता. एकदा राहून गेलं. दिवस भरले, यंत्रणा आपली आपण बंद पडली, राखीव यंत्रणाही लगोलग आडवी झाली, आणि दक्षिण कॅलिफोर्नियावरच्या विमानांशी नियंत्रकांचा संवाद सुमारे तीन तास तुटला. बोइंग ७८७ ची तऱ्हा तशीच. या विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर चारही जनित्रांची नियंत्रणं एकदम संप पुकारू शकतात, असं निघाल्यावर अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये रीतसर आदेश काढला. त्याचा अर्थ सरकारी भाषेतून मोकळा केला तर एवढाच उरतो: विमान अधूनमधून बंद करून परत चालू करा. बाबांना सांगतो तेच.

बरं, नुसतं रीबूट करून भागत नाही, सिस्टिमही बदलावी लागते. प्रत्येक आवृत्तीची एक शेवटची तारीख असते. त्यानंतर सुरक्षेचे पॅच येणं थांबतं. उबुंटूच्या दीर्घ पल्ल्याच्या आवृत्त्या दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येतात आणि फुकटचा आधार पाच वर्षं मिळतो. मधली पायरी गाळून उडी मारायला परवानगी नाही, १८.०४ वरून २२.०४ ला जायचं तर २०.०४ च्या घरी पाणी पिऊनच.

यात शहाणपण कसं अंगाशी येतं याचा नमुना म्हणजे सेंटओएस. हजारो कंपन्यांचे सर्व्हर यावर होते, आपल्याकडचेही. सातवी आवृत्ती २०१४ ची, आठवी २०१९ ची. आठवीला दहा वर्षं आयुष्य आहे या भरवशावर होतकरू, नियमाने वागणाऱ्या लोकांनी धावपळ करून, रविवार जाळून यंत्रं आठवीवर नेली. डिसेंबर २०२० मध्ये जाहीर झालं की आठवी ३१ डिसेंबर २०२१ लाच संपणार. सातवी मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत टुणटुणीत जगली. धाकटा आधी गेला, थोरला मागे राहिला. ज्यांनी ‘बघू पुढच्या वर्षी’ म्हणत काहीच केलं नव्हतं, ते मीटिंगांमध्ये दूरदृष्टीचे मानले जाऊ लागले. या खात्यातले लोक अपग्रेडच्या नावाने तोंड वाकडं का करतात, याचा निदान एक धागा तिथे सापडतो.

यंत्र बंद ठेवायची तर वेळ कुठली? पूर्वी हा प्रश्न नव्हता. बँक दुपारी शटर ओढायची आणि आत काय चाललंय ते कोणाला कळत नसे. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस चोवीस तास झाले, आणि यूपीआयने तर रात्र नावाची गोष्टच रद्द केली. पहाटे अडीचला नाशिक हायवेवर चहा पिणारा माणूस बारा रुपयांसाठी क्यूआर कोडसमोर मोबाइल धरतो, आणि नेमका त्याच वेळी कुठल्यातरी बँकेचा सर्व्हर ‘अत्यावश्यक देखभाली’साठी निजलेला असतो. मोठ्या कामाला मग मुहूर्त शोधावा लागतो. एचडीएफसी बँकेने यंत्रणा नव्या व्यासपीठावर हलवायला १३ जुलै २०२४ चा दुसरा शनिवार गाठला आणि पहाटे ३ पासून दुपारी ४:३० पर्यंत, साडेतेरा तासांची सूचना ग्राहकांना आधीच देऊन ठेवली. पासपोर्टच्या संकेतस्थळाने त्याच वर्षी २९ ऑगस्टच्या रात्री ८ पासून २ सप्टेंबरच्या सकाळी ६ पर्यंतची रजा जाहीर केली.

मुंबईकरांना यात नवल वाटण्याचं कारण नाही. त्यांच्याकडे दर रविवारी मेगाब्लॉक असतो. मे २०२४ च्या अखेरीस मध्य रेल्वेने ठाण्याला ६३ आणि सीएसएमटीला ३६ तासांचा ब्लॉक घेतला, तेव्हा डाउनटाइम म्हणजे काय ते अख्ख्या डोंबिवलीला एकाही इंजिनियरच्या मदतीविना समजलं. रेल्वे निदान प्रामाणिक आहे, ब्लॉकला ब्लॉक म्हणते. संगणकवाल्यांच्या करारांत मात्र ‘९९.९ टक्के उपलब्धता’ असं दिमाखाने लिहिलेलं असतं. वर्षाचा हिशेब मांडला तर त्यात पावणेनऊ तास बंद ठेवायची मुभा आहे. आणखी एक नऊ वाढवलं तर उरतात ५२-५३ मिनिटं, आणि पाच नवांचा मान हवा असेल तर वर्षभरात सव्वापाच. एवढा वेळ मोठ्या सर्व्हरला स्वतःची मेमरी मोजायलाच लागतो. म्हणून करारात खाली, बारीक अक्षरांत, आधी कळवून केलेला बंद हा बंद धरला जाणार नाही, असं लिहिलेलं असतं. पत्नीला आधी सांगून केलेला उशीर उशीर धरला जाऊ नये, अशी सोय संसारात अजून आलेली नाही.

असो. वाकडच्या अकराव्या मजल्यावर अपग्रेड सुरू झालंय.

नवी पॅकेजं उतरताहेत, पडद्यावर ओळी धावताहेत, मधेच सगळं थांबतं आणि यंत्र विचारतं: ही सेटिंगची फाइल तुम्ही हाताने बदललेली दिसते, नवी घालू की तुमचीच राहू दे? पर्याय अनेक, वेळ थोडा. फाइल बदलली खरी, पण कोणी, कधी, कशाला? बदलणाऱ्याने शेजारी टीप लिहिलीय: ‘तात्पुरतं’. ही टीप पाच वर्षांपूर्वीची. सून ‘आहे तीच राहू दे’ निवडते. पुढच्या अकरा प्रश्नांनाही हेच उत्तर देते. जुन्या घरात राहायला आलेला भाडेकरू भिंतीतला खिळा उपटत नाही, त्याच न्यायाने.

आता रीबूट. या क्षणी पडद्यावर चार काळ्या खिडक्या उघड्या आहेत, चारही सारख्या. एकीत आजचा सर्व्हर, बाकीच्यांत भलतेच, त्यातला एक असा की तो बंद पडला तर न्यूयॉर्कमधली झोप उडेल. चुकीच्या खिडकीत रीबूट टंकणं हा या व्यवसायातला सर्वांत लोकशाहीवादी अपघात आहे. तो नवशिक्यालाही होतो आणि वीस वर्षांच्या अनुभवी माणसालाही. त्यावर डेबियन-उबुंटूच्या जगात ‘मॉली-गार्ड’ नावाचा छोटा प्रोग्रॅम मिळतो. नाव एका चिमुरडीचं. हॅकर मंडळींच्या जुन्या शब्दकोशात नोंद आहे की एका प्रोग्रॅमरच्या मॉली नावाच्या लेकीने आयबीएम ४३४१ या भल्याथोरल्या यंत्राचं मोठं लाल बटण एकाच दिवसात दोनदा दाबलं. मग त्यावर प्लेक्सिग्लासचं झाकण बसवलं गेलं, ते मॉली-गार्ड. आजचा मॉली-गार्ड दारातच अडवतो: बंद करताय ना? मग आधी या यंत्राचं नाव घ्या. नाव चुकलं तर आत सोडत नाही. लग्नात उंबरठ्यावर उखाणा घ्यायला ठाम नकार दिलेली ही सून इथे मात्र निमूटपणे नाव घेते. अक्षर न अक्षर, यमकाशिवाय.

नाव घेऊन भागलं असं वाटेल, पण आत पत्रिकाही बघतात. लिनक्सच्या गाभ्यात रीबूटचा हुकूम पोचताना सोबत दोन ठरावीक आकडे द्यावे लागतात. चुकून कुठून भलताच हुकूम आला तर यंत्र बंद पडू नये म्हणून. पहिला आकडा सोळांच्या अंकगणितात मांडला तर इंग्रजीत ‘मेल्यासारखं वाटतंय’ अशा अर्थाची अक्षरं उमटतात. दुसरा साधा दिसतो, ६७२२७४७९३. पण तोही सोळांच्या हिशेबात लिहिला की होतो २८१२१९६९: २८ डिसेंबर १९६९, लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांची जन्मतारीख. त्याऐवजी आणखी तीन आकडे चालतात, त्या त्यांच्या तीन मुलींच्या जन्मतारखा. जगभरातले लिनक्सवरचे सर्व्हर झोपायला जाताना एका फिनिश कुटुंबातल्या कोणाची तरी जन्मतारीख सांगूनच जातात. दाते पंचांग घरी बाळगणाऱ्या माणसाला यात काहीच वावगं वाटणार नाही.

हुकूम सुटला. पण झोप लगेच लागत नाही. कुठली तरी सेवा ‘थांबतेच आहे, थांबतेच आहे’ म्हणत रेंगाळते आणि यंत्र तिची दीड मिनिट वाट बघतं. पाहुणे निघाले म्हणून आपण उठतो आणि ते चप्पल घालून दारात गप्पा मारत राहतात, तसं. मग एकदाचं सगळं शांत.

या शांततेत एकच खिडकी जिवंत असते, पिंगची. दर सेकंदाला ती सर्व्हरला हाक मारते आणि ओ येत नाही. हेडफोनमध्ये चौदा लोक आहेत, सगळे म्यूटवर. दर चाळीस सेकंदांनी एकजण म्यूट काढून विचारतो, “पिंग येतंय का?” येत नाहीये. सर्व्हर मेमरी मोजत असेल. पंखे विमानासारखे घोंगावत असतील. जुन्या पद्धतीने बांधलेली डिस्क असेल तर १८० दिवस उलटलेत म्हणून फाइलींची झाडाझडती सुरू झाली असेल, आणि ती तासभरही चालू शकते. किंवा नेटवर्क कार्डाचं नाव बदललं असेल. हा प्रकार २०१३ नंतर बोकाळला: वर्षानुवर्षं ‘ईटीएच-शून्य’ म्हणून ओळखलं जाणारं कार्ड नव्या सिस्टिमच्या घरी गेल्यावर ‘ईएनपी-३-एस-०’ असं काहीतरी होतं. सेटिंगच्या फाइलीत माहेरचंच नाव राहतं, आणि यंत्र उठून बसलेलं असूनही त्याला कोणाचीच हाक पोचत नाही.

“पिंग येतंय का?”

नाही. तोवर मंगळावर जाऊन येऊ. नासाची क्युरिऑसिटी गाडी ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे उतरली आणि आठवडाभरात, १० ते १३ ऑगस्ट असे चार दिवस लावून तिचं सॉफ्टवेअर बदललं गेलं. उतरण्यापुरतं होतं ते काढून चालण्याचं आणि हात हलवण्याचं घातलं. तिथवर संदेश जायलाच तेव्हा सुमारे १४ मिनिटं लागत होती आणि तितकीच उत्तर यायला. बटण दाबून यायला कोणाला पाठवण्याची सोय नव्हती. तरी काम झालं, कारण गाडीत संगणक दोन आहेत: एक बदलून, उठवून, तपासून घ्यायचा, तोवर दुसरा जुन्यावर. पृथ्वीवरचे सधन लोकही हेच करतात. चार सर्व्हर असले की एकाकडचे ग्राहक बाकीच्या तिघांकडे वळवायचे आणि त्याला सावकाश आंघोळ घालायची. किंवा जुन्याला हातच न लावता शेजारी नवा उभा करून रातोरात पाटी बदलायची. पंगत बसलेली असताना सतरंजी बदलता येते, फक्त एका वेळी एकाच रांगेची.

रीबूटच नको म्हणणाऱ्यांनीही वाट काढली. एमआयटीतून निघालेल्या केस्प्लाइसने चालत्या लिनक्सच्या गाभ्यात पॅच मारायची युक्ती आणली. ती कंपनी २०११ मध्ये ओरॅकलने घेतली, आणि एप्रिल २०१५ च्या लिनक्स ४.० पासून अशा जिवंत पॅचिंगचा पाया गाभ्यातच आला. झोपलेल्या बाळाचं दुपटं बदलण्याची ही कला आहे आणि ती थोरच. पण दुपटं बदलता येतं, बाळ नाही. आवृत्ती नवी हवी तर उठवावंच लागतं. आणि जिवंत पॅचिंगने जागरणाचे आकडे आणखी फुगतात, ही तिची दुसरी बाजू मिरवणाऱ्यांच्या लक्षात उशिरा येते.

“आलं! पिंग आलं!”

बारा वाजून छत्तीस मिनिटं. हेडफोनात चौदा सुस्कारे. स्वयंपाकघरात कुकरची वाफ गेलीय. सून लॉगिन करते, अपटाइम विचारते: दोन मिनिटं. १,१२४ चे दोन. डेटाबेस उठला, वेबसाइट उठली, तीन चांदण्यांची ओळ गेली. ‘काही बिघडल्यास’चं पान मिटायला घेणार, एवढ्यात न्यूयॉर्कहून कोणीतरी म्हणतं, “पहाटेचे रिपोर्ट पाठवणारी सेवा दिसत नाहीये.”

ती सेवा आपोआप सुरू होणाऱ्यांच्या यादीत नाही. कुठल्याच यादीत नाही. सतरा पानांतही नाही. तीन वर्षांपूर्वी कोणीतरी ती एका संध्याकाळी हाताने सुरू केली होती, आणि यंत्र कधी बंदच पडलं नाही म्हणून ती सुरू कशी होते हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता. बराच शोध घेतल्यावर नोकरी सोडून गेलेल्या एका सहकाऱ्याच्या होम डिरेक्टरीत ‘टेस्ट-दोन-फायनल-नवीन’ नावाची फाइल सापडते. शेजारीच ‘टेस्ट-दोन-फायनल-नवीन-हीच’ आहे.

सहकारी आता टोरांटोला असतो. तिथे पहाटेचे पावणेचार. चौथ्या रिंगला तो फोन उचलतो.

“अरे, सॉरी रे, झोपला होतास ना? ते रिपोर्टचं...”

पलीकडे बराच वेळ काहीच नाही. मग घोगऱ्या आवाजात, “रीबूट केलात?”

“हो.”

“कशाला?”

याचं उत्तर देण्यात अर्थ नसतो. तो सांगतो: आधी दुसरी फाइल चालव, वीस सेकंद थांब, मग पहिली, मग दुसरी बंद कर. “असं का?” “तसंच चालतं.” आणि झोपायच्या आधी, जरा हळवा होऊन, “माझी होम डिरेक्टरी अजून आहे?”

दुसरी, वीस सेकंद, पहिली. रिपोर्ट निघाले. आता ही सेवा रीतसर यादीत घालावी, असं एकजण सुचवतो. म्यूट काढून बाकीचे तेरा एका सुरात सांगतात की चालतंय ना, मग आता हात लावू नका. पुढच्या चेंजमध्ये बघू. सून आराखड्याच्या अठराव्या पानावर ‘तात्पुरतं’ असं लिहून ठेवते आणि ‘काम यशस्वीरीत्या पूर्ण’ची मेल टाकते, तेव्हा अपटाइम १ तास ४१ मिनिटं झालेला असतो.

“झालं का गं?” नवरा दारातून विचारतो. “मटण गार झालंय. गरम करू?”

“बंद करून परत चालू कर,” आतून उत्तर येतं.